वाळत घातलेले पडदे

ता. ४ मार्च

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बस खचाखच भरली होती, पण खिडकी मिळाली. तुझी आत्या दारातच उभी होती. मी वाळलो म्हणाली. दर वेळी म्हणते.

तुझं काम बघून मन भरून आलं. नदी समुद्राला मिळते तिथे तुझी शेड. एका नळातून गोडं पाणी, दुसऱ्यातून खारं आणि मध्ये एकाआड एक पातळ पडदे. मिठातले धन भाराचे कण एक पडदा सोडतो, ऋण भाराचे दुसरा, आणि त्या वेगळ्या वाटांनी जाण्यातून वीज होते, असं तू दोनदा समजावलंस. मला निम्मं कळलं. पण दिवा लागलेला या डोळ्यांनी पाहिला, तेवढं पुरे.

आता गंमत ऐक. तपासणीसाठी तू जोडणी उघडलीस, पडदे खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवलेस आणि साहेबलोकांना आणायला गेलीस. मी टबात डोकावलो तर पिवळट डाग, कडांना गाळ. जन्मभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, मला डाग बघवत नाही. तुझ्या मोरीत ब्लीचिंग पावडर होती. कढत पाण्यात पडदे भिजवले, हलक्या हाताने चोळले आणि चिमटे लावून उन्हात दोरीवर घातले. गाडीची घाई, म्हणून एकाच पाण्यावर आटोपतं घेतलं, नाहीतर घड्याही घालून ठेवल्या असत्या. तू थक्क झाली असशील.

तपासणी पास झाली की मोठं केंद्र मिळणार म्हणाली होतीस. काय झालं ते लगेच कळव. आमचे डोळे टपालाकडे लागलेत.

तुझा,
बाबा

ता. ७ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. एकटी असशील तेव्हा वाच.

साहेबांना घेऊन आले तर शेडच्या मागे दोरीवर माझे पडदे वाळत होते. हे पडदे कधीच कोरडे पडता कामा नयेत. वाळले की आक्रसतात, तडकतात. आणि ब्लीचिंगने त्यांचा गुणच मरतो, मग कुठला कण सोडायचा आणि कुठला अडवायचा हे त्यांना उमगत नाही. हातात घेतला तो कडेपासून फाटत गेला. बाकीचे भिजवून बसवून पाहिले. दिवा लागला नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि चहा घेऊन निघून गेले.

शेडमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या सोबत्याने वेळ सांभाळली, गाळाने घात केला असं साहेबांना सांगितलं. नवे पडदे बनवायला वर्ष जाईल आणि तेवढं थांबायला कोणी तयार नाही. महिनाअखेरीला शेडला कुलूप. मला मुख्य कचेरीत टेबलावर बसवणार आहेत.

राग आला, आत्या. फार आला. रिकाम्या दोरीवरचे चिमटे काढताना रडले. पण बाबांनी प्रत्येक पडदा टोकाला टोक जुळवून घातला होता, माझ्या शाळेच्या फ्रॉकसारखा. त्यांना हे कधीही कळता कामा नये. मी त्यांना गाळाचंच लिहीन. तू तोंड मिटून राहा, एवढं माझ्यासाठी कर.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी,
ठकू

ता. १० मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं.

तुझे बाबा न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलेत की मुलीची वीज मी धुऊन दिली. पोस्टमन हल्ली आमची गल्ली चुकवतो.

मी गप्प राहीन. पण मला हे पटलेलं नाही. तो काही लहान मूल नाही. खरं सांगितलंस तर चार दिवस जेवणार नाही, मग जेवेल. खोट्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही. तुझ्या मनाला येईल तसं कर, आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या

ता. १२ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका.

तपासणी पास झाली नाही. नदीचा गाळ पडद्यांना फार दिवस धरून होता, त्यामुळे वीज झाली नाही. शेड बंद होणार आहे. मला कचेरीत काम मिळालंय, तेव्हा काळजी करू नका. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, बरं वाटलं. गुडघ्याला शेक घेत जा.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची,
ठकू

ता. १६ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. कालपासून लिहायला बसतोय.

गाळ धरून होता म्हणतेस. तो माझ्यामुळेच राहिला, ठकू. मी दुसरं पाणी दिलं नाही. लाँड्रीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो की पहिल्या पाण्याने मळ सुटतो, दुसऱ्याने जातो. दुसरं पाणी चुकवलं म्हणून एकाला मी घरी पाठवलं होतं. आणि स्वतःच्या मुलीच्या कामात बस पकडत बसलो. पुढची बसही होती. घरी माझं काय अडलं होतं?

आत्याला हे सांगितलं. ती आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

तू मला दोष दिला नाहीस, तो तुझा चांगुलपणा. पण मला झोप लागत नाही. साहेबांना माझ्या नावाने लिही, की म्हाताऱ्याने काम अर्धवट टाकलं, मुलीची चूक नाही. आणि नवे पडदे झाले की मला बोलाव. आदल्या दिवशी येईन. परतीचं तिकीट काढणार नाही.

तुझा,
बाबा