नाटकातला बैल

बा, अंबरनाथच्या कारखान्यात सत्यनारायणाच्या पूजेला मी जनावरांचं नाटक बसवलं होतं, त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी तेव्हा तिथेच कारकून, युनियनचा नवा सभासद, डोक्यात हवा गेलेली. तू काडेपेट्यांसाठी येणारे ओंडके उचलायचास. सुट्टीच्या दिवशीही साहेबांचा निरोप आला की सोनिवलीहून चालत निघायचास. "मी हाय ना साहेब," एवढंच तुझं उत्तर, आणि त्यावर त्यांनी तुझ्याकडून चार माणसांचं काम करून घेतलं.

नाटकात कोल्हा शेताचा कारभारी होतो, आता राज्य आपलंच म्हणून सगळ्या जनावरांना सांगतो आणि नांगर मात्र एकट्या बैलाच्या मानेवर ठेवतो. कँप चारच्या बाजारातल्या सिंधी कापडवाल्याकडून मागून आणलेलं काळं कापड पांघरून बैल उभा आहे. कोल्हा म्हणतो, अजून एक शेत राहिलंय. बैल मान डोलावतो, "मी हाय ना साहेब." सगळा मांडव हसतो. तू दुसऱ्या रांगेत, हातात प्रसादाचा द्रोण. तूही हसतोस, जरा उशिरा. शेवटी बैल लंगडायला लागतो, तेव्हा त्याला हार घालून कसायाच्या गाडीत चढवतात. कामगारांचे डोळे उघडावेत म्हणून लिहिलं, असं मी सांगत फिरलो.

घरी जाताना तू विचारलंस, "तो बैल म्हंजी मीच ना रं?"

"नाय बा. कुनीबी असंल."

"मंग बरं. मला वाटलं, तुला माजी लाज वाटती."

दुसऱ्या दिवसापासून तुला सगळे त्याच वाक्याने हाक मारायला लागले, साहेबसुद्धा. काम काही कमी झालं नाही. पुढे पायावर ओंडका पडला आणि त्यांनी तुला शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. गळ्यात हार घालून तू लंगडत फाटकाबाहेर जातो आहेस, मी ऑफिसच्या खिडकीतून बघतो आहे. शेजारचा कारकून म्हणाला, "काय हो, तुमचं नाटक खरं झालं की." मी खाली आलो नाही. त्या गोष्टीने आजही मान खाली जाते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा लिहून टाकतो. मला तुझी लाज वाटत होती, बा. मांडव हसला त्याच्या आधी, पडद्याआड, मी हसलो होतो.