खोटा नवरदेव आणि नऊ जणांची गाडी

मंगरूळपीर, ता. २८ मे १९७४

आदरणीय दौलतरावदादांना, तुमच्या बहिणीचा (अजून तरी) नवरा पंजाबराव याचा हात जोडून रामराम. गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व ठीक, म्हणजे मी एकटाच आहे आणि तो ठीक आहे. भागिरथा तीन पोरं घेऊन तुमच्याकडे रिसोडला आली हे समजू शकतो. पण माझी सख्खी आई सुनेची बाजू घेऊन सुनेच्याच माहेरी जाऊन बसते, याला काय म्हणावं?

भांडणाची एक बाजू तुम्हाला कळलीच असेल. हेमसिंग मिस्त्रीकडे दोन जुन्या गाड्या विकायला होत्या. एक स्टेशन वॅगन. नऊ माणसं बसतात, मागचं दार सुतळीने बांधावं लागतं, आत बकऱ्यांचा वास. दुसरी कुण्या जमीनदाराची विलायती मोटार. लाल रंग, कातडी गाद्या, टप मागे दुमडला की डोक्यावर सरळ आभाळ. बसायला मात्र दोघंच. मी लाल म्हणालो. भागिरथा म्हणाली, "मंग तिच्याच संगं नांदा! शाळा उघडाच्या आत वॅगन दारात नाई आली, तं पोरायचे नावं रिसोडच्या शाळेत घालतो." ती बोलते ते करते, दादा.

तरी परवा लाल मोटार चालवून पाहायला मानोऱ्याकडे नेलीच. (मोह वाईट.) धुळीपायी डोक्याला फेटा बांधला होता. एका गावाच्या वेशीवर माणसं, वाजंत्री, पाण्याची घागर. मी थांबतो न थांबतो तोच वाजंत्री सुरू झाली, कुणी माझे पाय धुतले, कुणी कुंकू लावलं. उघड्या मोटारीत फेटा बांधून नवरदेवाशिवाय कोण येतो? खरं सांगायला तोंड उघडलं तर त्यात पेढा कोंबला. मग मुलीचा बाप धावत आला आणि त्याने माझ्या पिकलेल्या मिशा पाहिल्या. "हा बुढा कोन होय? काहून रे, आमचा नवरदेव कोठी हाय?" वाजंत्री थांबली. मुहूर्ताला अर्धा तास, चाळीस माणसं मोटारीभोवती सरकलेली, आणि मोटार सुरू होईना. टप ओढला, तो वर येईना. लपायला जागाच नाही अशी ती गाडी! पाय ओले, हात जोडलेले, शेजारची गादी रिकामी. भागिरथा तिथे असती तर एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं असतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

तेवढ्यात धुळीतून तीच वॅगन आली. हेमसिंगने ती त्या दिवसापुरती वऱ्हाडाला भाड्याने दिली होती. सुतळी सोडली आणि नवरदेव, करवली, आत्या, मावश्या अशी सतरा माणसं भांडत-हसत खाली उतरली. मुहूर्त साधला. त्यांनी मला पोटभर जेवू घातलं आणि लाल मोटार वॅगनमागे दोराने बांधून मंगरूळला पोचवली.

मी वॅगन घेतली. रविवारी तिकडे येतो.

आपला,
पंजाबराव

ता. क. पाय धुतल्याचं भागिरथाला सांगू नका. रडल्याचं सांगितलं तरी चालेल.

आणखी ता. क. घरी आणल्यावर कळलं, वॅगन मागे जात नाही. हेमसिंग म्हणतो, "मांगं जाचं कामच काय?" पण तुमची गल्ली पुढे बंद आहे. एकदा आत शिरलो की ढकलल्याशिवाय मी बाहेर निघणार नाही. तेव्हा भागिरथा, पोरं आणि आई यांना सामानासकट दाराबाहेर उभं ठेवा. ढकलून झालं की आत बसता येईल. सुतळी मी आधीच सोडून ठेवतो.