आईच्या बाजूचा उजेड

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

रात्रभर दिवा ठेवावा लागतो आणि आईच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून कारखान्यातलं काम संपलं की त्या दिव्यासाठी शेड करत बसते. तिची पॅनल सुटी आहेत, खाचेत सरकवून बसतात आणि पुसायला काढता येतात. तुमच्या बाजूला पातळ कापड लावलंय, म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचता येईल. आईच्या बाजूला पत्रा आहे आणि त्यावर बारीक भोकं पाडून जाईची वेल काढायची आहे. वेल उजळेल, पण डोळे दिपणार नाहीत.

आमचे फोरमन विचारत होते, "बाई, दिव्याला झबलं शिवताय की चिलखत?" मी म्हटलं, "आईला विचारून सांगते."

तुमच्या पत्रात 'सुधारते आहे' एवढंच असतं. ताईला फोनवर विचारलं, तर तिने विषयच बदलला. म्हणून नेमकं विचारते. आई आपली आपण कूस बदलते का? की नुसती उताणी असते? तसं असेल तर वेल पॅनलवर काढून उपयोग नाही, ती शेडच्या वरच्या झाकणावर काढावी लागेल, म्हणजे आईला छतावर दिसेल.

कूस बदलत असेल तर शेड पार्सलने पाठवते. नसेल तर घेऊन मीच येते. तेव्हा मात्र 'कशाला उगीच' म्हणू नका.

तब्येतीला जपा. आईच्या कपाळावरून माझा हात फिरवा.

तुमचं शेंडेफळ