दगड निघाल्यावर

१० जानेवारी, शनिवार

आज पुन्हा खणलं. अंगाला पांढरा खडू, गळ्यात कवड्या, डोळे आभाळाकडे, सगळं अंग थरथरतंय — आणि दगड सापडेना! सामानवाल्यानं सकाळी पुरला आणि कुठे पुरला तेच विसरला. कॅमेरा चालू. मी वेड्यासारखा उकरतोय. तिसऱ्या खड्ड्यात मिळाला एकदाचा. आमचा दिग्दर्शक न्वाबुएझे टाळ्या पिटत म्हणाला, "वा! काय ताण वाढवलात!"

ताण! कंबरेचा काटा ढिला झाला.

विद्यापीठाच्या नाटक मंडळीत असताना मी राजे केले. आंधळे राजे, वेडे राजे. आता एकसष्टाव्या वर्षी 'पुन्हा आलेली' या मालिकेत ओकेमुओ नावाचा दिबिया. भुताखेतांचा वैद्य! काम एकच, ओग्बांजे पोरांचे दगड उकरायचे. जी पोरं आईला चटका लावून मरतात आणि फिरून तिच्याच पोटी येतात, ती म्हणे परतीची खूण म्हणून एक दगड पुरून ठेवतात. दगड काढला की पोर राहिलं. मालिकेत तरी राहतं.

जगात दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे उरलेलं नाही, हे आज खड्ड्यात उभं असताना नीट कळलं.

११ जानेवारी

चर्चमध्ये बायबल वाचायला आता मला उभं करत नाहीत. फादर म्हणाले, "अझुबुइके, गैरसमज नको. लेकरं रडतात हो तुम्हाला बघून."

इफेयिन्वा मला मुलाच्या नावानं हाक मारते, ओबिओराचा बाप म्हणून. घरी येऊन म्हणाली, "पापा ओबिओरा, स्वतःचा चष्मा तुम्हाला घरात सापडत नाही. जमिनीखालचा दगड मात्र बरोब्बर सापडतो!" चाळीस वर्षांच्या संसारातली बायको. घाव कुठे घालायचा ते तिला ठाऊक.

१७ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी भाग लागला. वीज होती, नवलच! गल्लीतली निम्मी माणसं आमच्या खिडकीशी. मी आत बसून स्वतःलाच बघतोय. शिक्षा आहे ही.

किती वाईट बनवतो आपण! धूर इतका की मीच मला दिसत नाही. जरा कोणी मान वळवली की गडगडाट. नदीतली भुतं चंदेरी कागद गुंडाळून येतात, नाताळातल्या मिठाईसारखी. बळीचा बोकड अंगणात शिरतो तेव्हा काळा, कापतात तेव्हा तांबडा. आणि दर भागात तेच. पोर तापलं, आई रडली, मी खणलं, दगड निघाला, शेवटचं गाणं! पुढच्या भागात पोर दोरीवरच्या उड्या मारतंय. आमच्या मालिकेला दुसरा दिवसच नाही. कोणी औषध घेत नाही, कोणाला पुन्हा ताप येत नाही.

पण एबेरे! आईचं काम करणारी ती पोरगी. आज ती बोललीसुद्धा नाही. नुसती गुडघ्यांवर बसली, कमरेचं कापड सोडून पुन्हा घट्ट बांधलं आणि पोराच्या पायाचा तळवा गालाला लावला. गडगडाट नाही, धूर नाही. न्वाबुएझे विसरला असेल घालायला. खिडकीबाहेर एकही माणूस हलत नव्हता. खिडकीशी उभ्या या बायांची पोरं गेली तेव्हा कोणी त्यांच्याकडे इतका वेळ बघितलं होतं? मालिका त्यांच्याकडे बघते. तेवढं तिचं खरं. इफेयिन्वानंही डोळे पुसले, आणि मी बघतोय म्हटल्यावर धुराला नावं ठेवली.

१८ जानेवारी

उझोआमाका आली होती. कोपऱ्यावर ओक्पा, शेंगांच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या, विकते ती. एका हातात पांढरा कोंबडा, पाठीवर तिची कोसी, सहा वर्षांची. एवढ्या मोठ्या पोरीला पाठीवर का घेतलंय, ते मला आधी कळलं नाही.

माझ्या पायाशी कोंबडा ठेवला. थोरल्या भावाला म्हणतात तसं मला 'डेडे' म्हणते. "डेडे, माझ्यासाठीही खणा."

मी हसलो. हसायला नको होतं. म्हटलं, "पोरी, मी नट आहे. ती एबेरे पण नटी. ते मूल शेजारच्या गल्लीतलं, बिस्किटांच्या लालचीनं येतं."

"हो, तुम्ही असंच म्हणणार."

"अगं, दगड सामानवाला आणतो!"

"खरा दिबिया कधी स्वतःच्या तोंडानं कबूल करतो का? खोटे असतात ते पाट्या लावून बसतात."

जितका नाही म्हणतोय तितका मी खरा होतोय! दोन पोरं गेलीत तिची. नवरा तिकडे उत्तरेत, ट्रकवर. ही कोसी तिसरी — तिच्या लेखी तीच ती, पुन्हा आलेली. जाताना म्हणाली, "परक्या बाईसाठी खणता. शेजारणीसाठी नाही?"

कोंबडा फाटकाला बांधून गेली.

१९ जानेवारी

कोंबडा पहाटेच आरवला. इफेयिन्वा म्हणाली, "उठा. तुमचा पहिला भक्त उठलाय."

२२ जानेवारी

कोंबडा परत करायला कोपऱ्यावर गेलो. घेतला नाही तिनं. केळीच्या पानातला गरम ओक्पा मात्र हातात कोंबला, पुन्हा नवसासारखा. खाता खाता कोसीला नीट पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. पाटीमागे बसून दोन्ही हातांनी गुडघे दाबत होती. रडत नव्हती. सवयीनं दाबत होती. मला विचारते, "ओकेमुओ, तुमचा पांढरा रंग पावसात जातो का?"

दवाखान्याचं काढलं. उझोआमाकाचा चेहरा बंद झाला. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलंय म्हणे, मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त तपासा, हाडं अशी दुखतात ती रक्तामुळे.

"मग नेत का नाहीस?"

"दोघांना तिथेच नेलं होतं, डेडे. दोघांना तिथूनच कापडात गुंडाळून आणलं. दगड जमिनीत असताना नेलं म्हणून गेली ती. आधी दगड काढा."

किती सरळ हिशेब! आणि हा हिशेब तिला शिकवला कोणी? आम्हीच. दर शनिवारी, धूर सोडून.



२५ जानेवारी

आज अघटित घडलं. चर्चमधून येताना इफेयिन्वा म्हणाली, "खणून द्या तिला."

मी रस्त्यातच थांबलो. माझी बायको! जपमाळ हातात असलेली बायको!

"देव तुमच्याकडे नंतर बघून घेईल, मी बोलेन त्याच्याशी. दगड हातात पडल्याशिवाय ती बाई पोरीला नेणार नाही. मग द्या ना दगड! आणि दगड दिल्या दिल्या दवाखान्यात पाठवा. ओकेमुओचं ऐकेल ती. तुमचं कोण ऐकतंय?"

इतकी वर्षं लेखकांनी लिहिलेलं बोललो. आज स्वतः लिहिलं — "दगड निघाला, पण वाट अजून उघडी आहे! ती बंद होते मोठ्या दवाखान्यात. रक्त तपासा, आजच्या आज!" आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाक्य आहे.

३१ जानेवारी, शनिवार



दुपारी गेलो, खडू फासून, कवड्या घालून. दगड मुठीत. अंगणात दोघी असतील वाटलं होतं — अख्खी गल्ली लोटलेली! पोरं भिंतीवर. कोणीतरी ढोलसुद्धा आणलेला.

रीत अशी की पोरीनंच जागा दाखवायची. मालिकेतलं मूल तीन चुकीच्या जागा दाखवतं, ताण वाढवायला. कोसीनं माझं बोट धरलं आणि सरळ पाण्याच्या पिंपापाशी नेलं. खणलं. मूठ मातीत उघडली. दगड वर काढला तेव्हा उझोआमाकाच्या तोंडून जो आवाज आला, तो एबेरेला जन्मात काढता येणार नाही. मला स्वतःची शिसारी आली.

कोसी माझ्या मांडीला टेकून उभी. हळूच विचारते, "मी बरोबर केलं ना?"

मी हात वर केले. माझं वाक्य सुरू केलं. "दगड निघाला, पण —"

आणि गाणं! ढोलवाल्यानं शेवटचं गाणं धरलं! दगड निघाला की गाणं, हे त्यांना पाठ. सगळी गल्ली गायला लागली, बाया नाचायला लागल्या. मी ओरडतोय — दवाखाना! रक्त! आजच्या आज! — नाटक मंडळीत मागच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज! समोरच्या माणसाला ऐकू गेला नाही. उझोआमाका तर जमिनीवर पालथी पडून माती कपाळाला लावत होती. मला खांद्यावर घेऊन घरी आणून सोडलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी प्रयोग.

१ फेब्रुवारी

सकाळीच गेलो. म्हटलं, चल, आता दवाखाना.

"कशाला, डेडे? तुम्ही काढलात ना!"

सगळं सांगितलं. दगड चित्रीकरणाचा आहे, मुठीत आणला होता, मी फसवलं तुला. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "परीक्षा घेताय ना माझी? भाग आठवतोय मला. ओकेमुओ दगड काढल्यावर आईची परीक्षा घेतो."

खरंच आहे तो भाग! मी विसरलो होतो.

कोसी अंगणात धावत होती. क्षणभर — लिहायची लाज वाटते — क्षणभर मलाही वाटलं की निघालाच असेल दगड.

५ फेब्रुवारी

न्वाबुएझेच्या मागे लागलो. एक वाक्य घाल. ओकेमुओ दगड काढतो आणि दवाखान्यात पाठवतो. एकच वाक्य!

"दादा, लोक शनिवारी दवाखाना बघायला बसतात का? मालिकेत पैसा कोणाचा, माहीत आहे ना? काढेवाल्यांचा! त्यांच्या बाटलीच्या जाहिरातीआधी दिबिया म्हणणार, रक्त तपासा?"

मी म्हटलं, मग उद्यापासून दुसरा ओकेमुओ शोध. हे चाललं. वाक्य घेतलं, एका झटक्यात. एबेरे रडली. सामानवालासुद्धा काम सोडून बघत होता.

उझोआमाकाला निरोप दिला, चौदा तारखेचा भाग चुकवू नकोस. माझं ऐकत नाही ना? टीव्हीतल्या माझं ऐक.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वीज होती. उझोआमाका पहिल्या रांगेत, आमच्याच खुर्चीवर. कोसी तिच्या मांडीवर मान टाकून, अंगात कढत ताप. इफेयिन्वानं माझा हात धरून ठेवला होता.

धूर. गडगडाट. मी खणतोय. दगड निघाला. मी तोंड उघडलं —

गाणं.

कापलं! कात्री लावली! माझं तोंड उघडलेलं दिसतं, आणि वरून गाणं. मग काढ्याची बाटली.

उझोआमाका उठली. म्हणाली, "चांगला होता भाग." पोरीला उचलून गेली. मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेलो. काय म्हणणार होतो? सगळं म्हणून झालं होतं.

न्वाबुएझेला फोन करून काम सोडलं. त्यानं काय होणार? दुसरा थरथरणारा म्हातारा मिळेल त्याला.

१७ फेब्रुवारी

कोपऱ्यावर ओक्पाची पाटी नाही.

१९ फेब्रुवारी

आजही नाही. तिच्या दाराला कुलूप. पिंपाजवळचा खड्डा तसाच. शेजारी मला बघून आत गेले. विचारायची हिंमत झाली नाही.

मला ठाऊक आहे. दगड निघाल्यावर पोर मरतं तेव्हा लोक असेच आत जातात. इफेयिन्वा म्हणते, चौकशी करते. नको म्हटलं. कळेपर्यंत निदान कळलेलं नसतं. ती तरीही शाल घेऊन निघाली. कोंबड्याला दाणे टाकले. दुसरं काही सुचेना. हे हात! काय म्हणून वर केले होते त्या दिवशी?

२१ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या दवाखान्यातून येतोय. इफेयिन्वानंच शोधून काढलं त्यांना, आणि मला ओढत नेलं. कोसी आहे! खाटेवर बसून इफेयिन्वाच्या हातून पेज खाते आहे!

आई नेतच नव्हती तिला. त्या भागानंतर तिसऱ्या दिवशी ताप आणखी चढला तसं कोसीच म्हणाली — "ओकेमुओनं मला सांगितलंय. दगड निघाला की रक्त तपासायचं. तू नेत नसशील तर मी एकटी जाते." आणि चप्पल घालून निघाली! मग आई मागून धावली. त्या दिवशी ढोलाच्या गोंगाटात माझ्या मांडीला टेकलेल्या तिनं एकटीनं ऐकलं होतं!

रक्त चढवलंय. उझोआमाका मला बघून धावत आली, हसते आहे, रडते आहे. "डेडे, डॉक्टर म्हणाले, दुखणं जन्मभराचं आहे. जन्मभर औषध घ्यावं लागेल." माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "जन्मभर, डेडे! जन्मभर म्हणाले ते!"