हरल्यावरच्या टाळ्या

मंगळवार, संध्याकाळ

मोबाईलवरचे मुलांचे गेम बनवायचं सोडून पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या गेममध्ये आलो. आवाज बसवायचं काम तेच, म्हटलं काय फरक पडतो? मॅनेजरबाई म्हणाल्या, "दादा, हरल्यावरचा आवाज फार उदास आहे, माणूस उठून जातो. टाळ्या टाका." मी जुन्याच टाकल्या. पिंपळगावच्या शाळेत पोरांकडून वाजवून घेतलेल्या, मुलांच्या गेममध्ये बरोबर उत्तराला वाजायच्या त्या.

आज रिक्षाने येताना द्वारका चौकात सिग्नलला थांबलो, तर रिक्षावाल्याच्या मोबाईलमधून त्याच टाळ्या ऐकल्या. त्या पोरांच्याच, माझा कान चुकत नाही. स्वतःचीच शिसारी आली.

"हरलात ना?" मी विचारलं.

"थोडक्यात गेलं साहेब. टाळ्या वाजल्या की," म्हणत त्याने पुढचा डाव लावला.

त्या मीच बसवल्यात, एवढं तरी सांगायचं होतं. भाडं देऊन उतरलो.