कडूबाईंचं नाव घातलेल्या काठ्या

३ ऑगस्ट
लेक धम्मपाल म्हणाला, करुणाला गोल्फच्या नव्या काठ्या घ्यायच्यात. लोखंडी तोंडाच्या, त्यांना आयर्न म्हणतात. पुढच्या महिन्यात पुण्यात राज्याच्या संघाची निवड आहे. नात माझी, पैसे मी देणार, तर पसंतीही माझीच. लोखंडातलं माझ्याएवढं ह्या घरात कुणाला कळतं? लासूर स्टेशनच्या बाजारात मी विळा कधी वाजवल्याशिवाय घेतला नाय.
ठरवलं: दुकानात मधे मधे बोलायचं नाही. फक्त शेवटी बोलायचं.

५ ऑगस्ट, दुपार
जालना रोडच्या दुकानात गेलो. विकणारा चुकीचं सांगायला लागला म्हणून आधीच बोलावं लागलं. म्हणे प्रत्येक खेळाडूला हँडिकॅपचा आकडा असतो, कमी तितका तरबेज. करुणाचा चौदा. म्हणजे मधली. तिला मागून पोकळ तोंड बरं. वजन कडेला असतं, फटका जरा हुकला तरी चेंडू जातो. मी विचारलं, मधलं लोखंड कुणी खाल्लं?
मग दुसरी काढली. पातळ, भरीव. ही मुरलेल्या खेळाडूंची, म्हणाला. दोन्ही ठोकून घडवलेल्या, ओतीव नाहीत. मी दोन्ही नाण्यानं वाजवल्या. पातळ काठीचा आवाज लई गोड.
करुणा पोकळ काठी धरून उभी होती. म्हणाली, आजी, मला ही बरी वाटते. मी म्हणाले, तू मधली नाहीस. पातळ घेतल्या. दुकानातले सगळे माझ्याकडं बघत राहिले. कौतुकानं.

६ ऑगस्ट
क्लबात वस्तूंची अदलाबदल होते. आमच्या घरात साधी परातसुद्धा नावाशिवाय आली नाही. गुलमंडीवर भांड्याच्या दुकानात नेऊन एकूण एक काठीवर नाव घालून आणलं: ‘सौ. कडूबाई पुंडलिक साळवे यांजकडून’. पाठ भरीव म्हणून अक्षरं सुरेख बसली. पोकळीत कुठं बसली असती?
करुणा बराच वेळ वाचत होती. लई आवडलं असणार.

१४ ऑगस्ट
चेंडू जात नाही म्हणे. तिचे शिकवणारे गोकुळ सर म्हणतात काठ्या बदला. सरांचं वय काय, तजुर्बा काय. गवत वाढलं असणार. पोरीला रोज दोन अंडी चालू केली.
उद्यापासून खेळाचं विचारायचं नाही.

१५ ऑगस्ट
विचारलं. बरं चाललंय म्हणाली.

२८ ऑगस्ट
करुणाच्या बोटांना पट्ट्या. हातमोजा हलका असणार. धम्मपालला तसं सांगितलं. तो ताटातला भात चिवडत बसला. लेकाला भूक नाही, ह्यात माझा काय कसूर?

७ सप्टेंबर
पुण्याहून आली. निवड झाली नाही. म्हणाली, आजी, मीच वाईट खेळले. असंल. काठीला काय दोष द्यायचा.
जेवण गेलं नाही. पित्त.

८ सप्टेंबर
गोकुळ सर घरी आले. मला अन् धम्मपालला बसवून सांगितलं. पुण्याला दुसऱ्या मुलीच्या पोकळ काठ्या देत होते, तर करुणा नको म्हणाली. आजीचं नाव आहे ह्यांच्यावर, म्हणाली. वर सरांना आधीपासून सांगत आली होती की पातळ काठ्या तिनंच हट्टानं घेतल्या. डिसेंबरात परत निवड आहे, तोवर काही करा, असं म्हणाले.
मी साखर शोधायला आत गेले. डबा समोरच होता. नाव घातलेला.

९ सप्टेंबर
घरी कुणी नसताना अंगणात चेंडू ठेवला अन् मारला. कोपरापर्यंत झिणझिण्या. चेंडू शेजारच्या चंपाबाईच्या पापडांत गेला, मागायला गेले नाही. दुसरा मारला. तेच. पोर हे महिनाभर सोसत होती अन् मी तिला अंडी खाऊ घालत होते.
ठरवलं: काठ्या बदलून आणायच्या. करुणाला समोर बसवून माझं चुकलं म्हणायचं.

१० सप्टेंबर
म्हणायचं राहिलं. तिचा अभ्यास होता. शेंगदाण्याची पोळी केली. समजली असेल.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
करुणाला घेऊन दुकानात गेले. त्या दिवशीचा विकणारा नव्हता, मालक होते. त्यांनी पिशवीतून काठी काढली अन् चार गिऱ्हाइकांदेखत नाव मोठ्यानं वाचलं. म्हणाले, नाव घातलेला माल परत घेता येत नाही. मग विचारलं, ‘ह्या कडूबाई कोण?’
मी म्हणाले, ‘आमच्या शेजारी राहतात. लई हेकट बाई.’
करुणा बाजूलाच उभी होती. पोकळ काठ्या तिनं पसंत केल्या. मी वाजवून बघितल्या नाहीत. मालकांनी बिलावर नाव कुणाचं टाकू विचारलं. मी छताकडं बघितलं. करुणानं स्वतःचं सांगितलं.
नव्या काठ्या तिनं घेतल्या, जुन्या माझ्या खांद्यावर. रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, ‘काकू, रिक्षा करायची का?’
मी व्हय म्हणाले.