अस्कान्स पाहणाऱ्या सुनेच्या नावे

मी, विनायक नत्थूजी गावंडे, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सौंसर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दाराला आतून कडी लावून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

१. यानंतरच्या तारखेचा माझ्या सहीचा कागद कोणी दाखवला, तर आधी संशय घ्यावा. माझी सही सोपी आहे आणि मुलगा हुशार आहे.

२. रामाकोन्याची संत्र्याची बाग मुलगी केतकी हिला. माझे शब्दकोशही तिलाच. शेजारचे हेमराजजी मागायला येतील, देऊ नयेत. एक नेला, तो त्यांच्याच कपाटात आहे.

३. ‘अस्कान्स’ हे इंग्रजी क्रियाविशेषण मी नोकरीभर शिकवले. अर्थ : तिरप्या नजरेने, संशयाने, नापसंतीने. ते बहुधा ‘पाहणे’ या क्रियापदाशीच नांदते. जुन्या कवितांतल्या नायिका असे पाहतात. कादंबऱ्यांतल्या श्रीमंत आत्या गरीब जावयाकडे असे पाहतात. पांढुर्ण्याच्या एका विद्यार्थिनीने ‘आस्क’ आणि ‘चान्स’ जोडून अर्थ लिहिला होता, ‘विचारायची संधी’. मी शून्य दिले. प्रत्यक्षात ती नजर मात्र मी फार उशिरा पाहिली.

४. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा रोहित कागद घेऊन आला. “बाबूजी, बिजलीच्या मीटरवर नाव बदलाचं आहे. इथं सही करा.”

मी पेन उघडले. सून पूनम चहा ठेवत होती. तिने नवऱ्याकडे जे पाहिले, त्याला दुसरा शब्द नाही. माझा हात थांबला.

“चश्मा आण,” मी म्हणालो.

“मी वाचून दाखवतो ना!”

“चश्मा आण.”

ते घराचे दानपत्र होते, रोहितच्या नावे. तो कागद उचलून बाहेर गेला.

५. म्हणून सौंसरचे राहते घर, अंगण व विहिरीसह, सून पूनम हिच्या एकटीच्या नावे करतो. रोहितने तिच्या मर्जीने राहावे.

६. मी तिच्यावरही संशय घेतला, हे नमूद करतो. विचारले, “नवऱ्याच्या विरोधात कायले गेली?”

ती म्हणाली, “विरोधात नाही, बाबूजी. तुमच्यामागं मले त्याहिच्यासंगंच म्हातारं व्हाचं आहे. आज बापाले फसवलं, तं उद्या मलेही फसवतीन.”

यावर मला शंका सापडली नाही.

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही :
१. जयश्री बोबडे, लोधीखेडा
२. ऋषिकेश चौरे, पांढुर्णा

सही : विनायक नत्थूजी गावंडे
सौंसर, ४ फेब्रुवारी २०२५